नारळीकर: शास्त्रज्ञ वेगळे आणि कथाकार वेगळे असं करायचं का?

मृगशीर्ष:
सध्या जयंत नारळीकरांची पुस्तकं पुन्हा वाचतोय, कथासंग्रह आणि 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र आलटून पालटून, आणि डोक्यात एक गोष्ट पक्की होत चाललीये ती इथे मांडतो. २० मे २०२५ ला ते गेले, त्यानंतर जे लेख माझ्या वाचनात आले त्यात बहुतेकांनी त्यांचे दोन भाग पाडले होते. एक केंब्रिजचे रँग्लर (गणितात पहिल्या वर्गात येणारे), गुरुत्वाकर्षणाच्या हॉईल-नारळीकर सिद्धांतवाले खगोलशास्त्रज्ञ. दुसरे म्हणजे जाता जाता मराठीत विज्ञानकथा लिहिणारे, मुलांना विज्ञानाची गोडी लावणारे वगैरे. कथांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात. मला हे अजिबात पटत नाही. कथा, ज्योतिषाची चाचणी, विश्व एका महास्फोटातून (बिग बँग) सुरू झालं या सिद्धांताला केलेला विरोध, बलूनचा प्रयोग हे सगळं एकाच स्वभावातून आलंय असं माझं म्हणणं आहे, आणि तो स्वभाव म्हणजे कुठलाही दावा कानावर आला की 'बरं, हे खरं की खोटं ते कळणार कसं?' असं विचारणं. आणि विचारताना समोर कोण बसलंय, त्याचं नाव किती मोठं आहे, हे न बघणं.

हे घरातूनच आलं असावं. जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा, पण वाढले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथे हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात फळा होता. मोरूमामा म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार शिकायला त्यांच्याकडे राहायला आले, ते त्या फळ्यावर जयंतासाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवायचे आणि ते सुटेपर्यंत तसंच राहायचं. सुटलं नाही तर मामा उत्तर सांगणार, म्हणजे हार. शाळेच्या परीक्षेशी त्याचा काही संबंध नाही, मार्क नाहीत, कोणी बघत नाही, नुसतं ते गणित आणि तुम्ही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे आयुष्यभर ते असंच काम करत राहिले.

१९५७ ला केंब्रिज, १९५९ ला सीनियर रँग्लर म्हणजे रँग्लरांत पहिले, मग फ्रेड हॉईल यांच्याकडे संशोधन. हॉईल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहायचे, 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ चीच. म्हणजे नारळीकर ज्या गुरूकडे गेले तिथे मोठा शास्त्रज्ञ आणि गोष्टी लिहिणारा ही एकच व्यक्ती होती आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. पुढे ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले तेव्हा ई. एम. फॉर्स्टर त्याच कॉलेजात राहत होते, ज्यांनी १९०९ मध्येच यंत्रावर पूर्ण अवलंबून असलेल्या माणसांची विज्ञानकथा लिहिली होती. आपल्याकडे त्या वेळी शास्त्रज्ञाने कथा लिहायची म्हणजे लोकांना जरा विचित्रच वाटलं असतं.

आणि १९६१. हा प्रसंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची (आकाशातून रेडिओलहरी जिथून येतात त्या जागांची) मोजणी करून जाहीर केलं की हॉईल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच होतं हा, निकालात निघाला. तर्क असा की अंधुक स्रोत लांबचे, लांबचे म्हणजे जुन्या काळातले, आणि ते अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात म्हणजे विश्व पूर्वी वेगळं होतं. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर द्यायचं होतं आणि हॉईल यांना दुसरं काम होतं, तर त्यांनी नारळीकरांना सांगितलं तू जा. संशोधनाला लागून वर्षही झालं नव्हतं. समोर राइल. नारळीकरांनी दाखवलं की विश्वात द्रव्याची वाटणी आपण धरतो तितकी एकसारखी नाही, मोठमोठे पुंज आणि मधे पोकळ्या आहेत असं मानलं तर हीच मोजणी स्थिर स्थितीतही बसू शकते. असे महापुंज आणि पोकळ्या पुढे खरोखर सापडल्या. (त्याने सिद्धांत वाचला असं म्हणायचं नाहीये मला, त्यावर खाली वाद होणारच, होऊ दे.)

आता कथांकडे येतो. १९७२ ला ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुंबईला आले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली. अहमदाबादला एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू होतं तेव्हा त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहायला घेतली. आणि पाठवली कशी, तर स्वतःच्या नावाने नाही. आपलं नाव बघून परीक्षक भारावतील म्हणून आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. तोवर पद्मभूषण मिळून जवळपास दहा वर्षं झाली होती, १९६५ ला मिळालं, वयाच्या २६-२७ व्या वर्षी. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात, मला ती त्यांच्या लेखक म्हणून असलेल्या दृष्टीची किल्ली वाटते. नाव झाकून तपासणी. आपल्याच कथेवर. आणि पुढे ज्योतिषाच्या चाचणीत कुंडल्यांवरची नावं झाकली तीही हीच पद्धत.

लिहा तुम्हाला काय वाटतं ते.

वाचनखूळ:
छान धागा. नाव झाकण्याचा मुद्दा आवडला, असा विचार केला नव्हता.

पण खरं सांगायचं तर नारळीकरांच्या कथा मला कथा म्हणून फार मोठ्या वाटत नाहीत आणि हे आदर ठेवून म्हणतोय. पात्रं सगळी एकसारखी बोलतात. एक हुशार माणूस, एक शंका विचारणारा माणूस, आणि पहिला दुसऱ्याला समजावून सांगतो. पत्रकार असो, मित्र असो, बायको असो, त्यांचं काम प्रश्न विचारणं. लक्ष्मण लोंढे किंवा सुबोध जावडेकर वाचताना आधी माणूस भेटतो, त्याची भीती, त्याचा स्वार्थ, आणि विज्ञान त्या माणसावर येऊन आदळतं. नारळीकरांकडे आधी कल्पना येते आणि मग तिला उभं करायला माणसं येतात. भाषा साधी आहे, स्वच्छ आहे, पण एखादं वाक्य डोक्यात राहिलंय असं मला आठवत नाही. तेव्हा शास्त्रज्ञाचा स्वभाव कथेत उतरला हे मान्य, पण त्याने कथेचं भलं झालं का?

गोदाकाठ:
वाचनखूळ यांच्याशी अर्धा सहमत. पात्रं पातळ आहेत हे खरंच. पण आमच्या पिढीला विज्ञानकथा म्हणजे काय हे कळलंच मुळी 'यक्षांची देणगी'मुळे. त्याआधी मराठीत विज्ञानकथा नव्हत्या असं नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत, पण बाकीचं बरंचसं भाषांतर किंवा रूपांतर, परग्रह म्हणजे राक्षस आणि यंत्र म्हणजे जादू. मुंबईत बर्फ पडतोय ही त्यांची गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण तो बर्फ का पडतोय हे शेवटपर्यंत हिशेबाने सांगितलेलं होतं, ज्वालामुखीची धूळ, सूर्याची उष्णता परत जाणं, समुद्र थंड होणं. भीती त्या हिशेबाची वाटते. भूत दिसलं तर माणूस म्हणतो गोष्ट आहे, सोडा. इथे सोडता येत नाही.

२०२१ चं नाशिकचं ९४ वं साहित्य संमेलन आमच्याकडे झालं तेव्हा ते अध्यक्ष होते, प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत याची फार हळहळ वाटली. पण एक विज्ञानकथालेखक त्या खुर्चीवर निवडला गेला ही गोष्ट मराठी साहित्यात लहान नाही.

मृगशीर्ष:
वाचनखूळ, तुमचा आक्षेप मी टाळत नाही, पात्रांचं म्हणणं बरोबर आहे. पण 'कथेचं भलं झालं का' याला माझं उत्तर 'गंगाधरपंतांचे पानिपत' आहे. ती परत वाचा एकदा.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे, डोक्यात सतत पानिपत, ट्रकचा अपघात होतो आणि ते वेगळ्याच मुंबईत पोचतात जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे, स्टेशनवर, गाडीवर युनियन जॅक. असं का झालं हे शोधायला ते काय करतात? कोणाला गाठून रडत नाहीत, थेट टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात आणि इतिहासाची पुस्तकं क्रमाने मागे मागे बघत जातात, आपल्या इतिहासापासून हा इतिहास नेमका कुठे फुटला ते सापडेपर्यंत. आणि सापडतं ते पानिपतावर. आपल्याकडे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली, तिथल्या बखरीत गोळी कानाला चाटून गेली. एवढाच फरक. एक गोळी दोन बोटं इकडे तिकडे.

आता यातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. मराठे जिंकले म्हणजे दिल्लीवर भगवा आणि जयजयकार एवढ्यावर कोणीही थांबलं असतं. नारळीकर थांबत नाहीत. त्या दुसऱ्या इतिहासात पेशव्यांना युरोपात काय चाललंय ते कळतं आणि ते स्वतःची विज्ञानकेंद्रं काढतात. मदत करतो, माणसं देतो म्हणून कंपनी पुढे येते, तर तेवढीच मदत घेतात ज्याने केंद्रं स्वतःच्या पायावर उभी राहतील. मुंबई इंग्रजांकडे असते ती भाडेपट्ट्यावर, मुदत २००१ पर्यंत. म्हणजे त्यांच्या मते पानिपत जिंकणं हे तलवारीने झालं तरी टिकणार होतं प्रयोगशाळेने. ही त्यांची इतिहासाकडे बघण्याची नजर आहे आणि ती एकाही भाषणाशिवाय कथेत आलीये.

आणि शेवट. आझाद मैदानावर अध्यक्षाशिवाय सभा चालू असते, पंत सवयीने रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात, लोक त्यांना हाकलतात, त्या गोंधळात ते परत आपल्या जगात. बखरीचं पुस्तक तिकडेच राहतं. पण एक फाटलेलं पान खिशात येतं. राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र आधी सगळं मनाचा खेळ म्हणून ऐकतो आणि ते पान बघून गप्प होतो, मग पुंजसिद्धांताने (क्वांटम थिअरी) समजावायला लागतो. म्हणजे एवढी अचाट कल्पना, तिथेसुद्धा लेखकाला पुरावा टेबलावर ठेवल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे पान काढून टाका, कथा स्वप्न होऊन जाते.

मास्तरीण:
ती कथा संक्षिप्त करून एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजीच्या 'हॉर्नबिल'मध्ये आहे, 'द अॅडव्हेंचर' नावाने. देशभरातली मुलं वाचतात आणि त्यातल्या कितीतरी जणांना ती मूळ मराठी आहे हे माहीत नसतं, मी शिकवताना दरवेळी सांगते.

मला मात्र 'धूमकेतू'बद्दल बोलायचंय. दत्तांना धूमकेतू सापडतो, त्यांचं नाव त्याला मिळतं, मग कळतं की तो पृथ्वीवर आदळणार. केंब्रिजला शास्त्रज्ञ जमतात, अणुस्फोट करून त्याची वाट बदलायचं ठरतं. इकडे घरी इंद्राणीबाई यज्ञ मांडतात, आणि संकट टळलं की श्रेय यज्ञाला. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार आवडली होती, आता वाचताना एक गोष्ट खटकते की विज्ञान नवऱ्याकडे आणि अंधश्रद्धा बायकोकडे अशी वाटणी का? घरातला पुरुष भोळा आणि बाई दुर्बिणीवर असं का नाही? आणि हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरात बायको गणितज्ञ होती हो. मंगलाताई टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होत्या, 'गणितगप्पा' लिहिलं, बालभारतीच्या गणिताच्या समितीचं काम केलं, २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आणल्यावर केवढा गदारोळ झाला आणि त्या शांतपणे कारणं सांगत राहिल्या. जुलै २०२३ मध्ये त्या गेल्या. ही बाई त्यांच्या कथांत कुठे दिसते?

अनाहूत_पाहुणा:
मास्तरीण ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण 'धूमकेतू'कडे मी थोडं वेगळं बघतो. दत्तांनाही घरात कोणाला पटवता येत नाही हीच तर त्या कथेची खंत आहे. जगाला वाचवणं एक वेळ जमलं पण आपल्या माणसांना 'का वाचलो' हे सांगता आलं नाही. एकाच घरात दोन काळ राहतात. स्त्री-पुरुष वाटणी जुन्या वळणाची आहे हे मान्य करूनही ती हार मला खरी वाटते, माझ्या घरात उलटी आहे, वडील मुहूर्त बघितल्याशिवाय गाडीसुद्धा घेत नाहीत आणि आई हसते.

त्यावर बालचित्र समितीने चित्रपटही काढला होता.

भौतिकवाली:
मी जरा दुसऱ्या बाजूने बोलते. विश्वरचनाशास्त्र हा माझा विषय नाही पण भौतिकशास्त्र शिकलेय. मृगशीर्ष म्हणतात की 'कळणार कसं' हा त्यांचा प्रश्न. मग स्थिर स्थितीचं काय? १९४८ ला हॉईल, बाँडी, गोल्ड यांनी तो मांडला. १९६५ ला पेन्झियास आणि विल्सन यांना सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण, म्हणजे आकाशात सगळीकडून सारखं येणारं प्रारण, सापडलं, जे महास्फोटातून सरळ येतं. जवळजवळ सगळं जग तिकडे गेलं. नारळीकर नाही गेले. १९९३ ला हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर सुधारित, अर्ध-स्थिर स्थितीचं प्रारूप मांडलं आणि शेवटपर्यंत महास्फोटावर शंका घेत राहिले. ज्योतिषाला पुरावा मागायचा आणि स्वतः पुराव्यासमोर वाकायचं नाही, याला काय म्हणायचं? मी चिडून विचारत नाहीये, मला खरंच हे त्यांच्या बाबतीत सुटत नाही.

मृगशीर्ष:
भौतिकवाली, हाच प्रश्न यायला हवा होता.

माझं मत असं. पुरावा नाकारणं आणि पुराव्याचा दुसरा अर्थ लावणं यात फरक आहे. ते प्रारण नाहीच असं ते कधी म्हणाले नाहीत. ताऱ्यांचा जुना प्रकाश लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकला तर तसंच प्रारण मिळेल असं गणित मांडलं, छापलं, लोकांपुढे ठेवलं. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि मलाही वाचून महास्फोटाचीच बाजू भक्कम वाटते. पण ते गणित तपासता येत होतं म्हणून तर लोकांनी तपासलं आणि नाकारलं. ज्योतिषी असं काही मांडतच नाही जे चुकू शकेल. दुसरं म्हणजे मूळ सिद्धांत जसाच्या तसा धरून बसले असते तर तो हट्ट. तो त्यांनी बदलला, एक मोठा स्फोट नाही पण छोटे छोटे निर्मितीचे प्रसंग आणि आकुंचन-प्रसरणाची आवर्तनं असं रूप दिलं, कारण जुन्या रूपाला निरीक्षणं सोसत नव्हती.

आणि तिसरं मला सगळ्यात जास्त भावतं. १९८८ ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, ते संस्थापक संचालक, २००३ पर्यंत. स्वतःचा सिद्धांत अल्पमतात, हातात अख्खी संस्था. तिथे त्यांनी आपल्याच मताचे लोक भरले असते तर कोणी अडवलं नसतं. पण आयुकामध्ये मुख्य प्रवाहातलं, महास्फोट धरून केलेलं काम भरपूर झालं. थानू पद्मनाभन हे त्यांचेच विद्यार्थी, टाटा इन्स्टिट्यूटपासूनचे, ते आयुकात आले आणि आपल्या वाटेने गेले. अल्पमतात असणं म्हणजे काय हे ज्याने अनुभवलंय तो दुसऱ्याला गप्प करत नाही, निदान नारळीकरांनी केलं नाही.

भौतिकवाली:
संस्थेचा मुद्दा पटला, तो मी धरला नव्हता. लोखंडी सुयांचा अजून नाही पटत. प्रत्येक नव्या निरीक्षणाला एक नवी सोय जोडत गेलं तर कुठलाही सिद्धांत जिवंत ठेवता येतो, आणि मग 'चुकू शकेल असं मांडलं' हे म्हणणं पातळ होत जातं. पण त्यांनी मतभेद उघडपणे, छापून, प्रतिष्ठा पणाला लावून केला हे मान्य. आजच्या संशोधकांना अनुदानाच्या काळजीत हे परवडत नाही.

संख्याशास्त्री:
ज्योतिषाच्या चाचणीचा उल्लेख झालाय तर तपशील देतो, कारण बरेच लोक नुसतं 'नारळीकरांनी ज्योतिष खोटं ठरवलं' एवढंच सांगतात. २००८ ची गोष्ट. बरोबर होते पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, शिवाय अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० मतिमंद मुलं, या २०० जणांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या काढल्या. कोणाची कोणती हे ज्योतिषांना माहीत नाही. प्रत्येकाला त्यातल्या ४० पाठवल्या, फक्त एवढंच सांगायचं की हे मूल हुशार की मतिमंद. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, उत्तरं आली २७ जणांची. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून ५० आले असते. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या बघितल्या, १०२ बरोबर. हे २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलं.

मला यात आवडतं ते हे की नारळीकरांनी ज्योतिषांना शिव्या दिल्या नाहीत, त्यांना बोलावलं. तुमचं शास्त्र आहे ना, मग या, नियम आधी ठरवू. २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरलं तेव्हाही ते विरोधात उभे राहिले होते पण तेवढ्यावर थांबले नाहीत, चाचणी करून दाखवली.

संस्कृतप्रेमी:
एक बाजू राहतेय. नारळीकर म्हणजे परंपरेचे विरोधक असा समज बऱ्याच लोकांचा असतो आणि तो चुकीचा आहे. १०५४ साली, आज जिथे खेकडा अभ्रिका दिसते तिथे, एक तारा फुटताना दिसला, चिनी लोकांनी ४ जुलैला पाहून नोंदवला, दिवसाढवळ्या दिसत होता म्हणे. मग आपल्याकडे कोणी पाहिला नसेल का? हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी सरोजा भाटे यांच्यासारख्या संस्कृत पंडितांबरोबर जुन्या ग्रंथांत खरोखर शोध घेतला. निर्विवाद अशी नोंद हाती लागली नाही. तर तसंच लिहिलं त्यांनी. एखादा श्लोक ओढूनताणून बसवता आला असता आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. प्राचीन काळी अणुबाँब होते म्हणणाऱ्यांना ते विचारायचे की मग त्यामागचं भौतिकशास्त्र कुठल्या ग्रंथात लिहिलंय ते दाखवा. आई संस्कृतची विदुषी असलेला हा माणूस होता, त्याला परंपरेचं प्रेम होतं म्हणूनच तिच्यावर खोटं लादलेलं सहन होत नव्हतं.

वाचनखूळ:
संस्कृतप्रेमी, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आणि मृगशीर्ष, पानिपत काल परत वाचली. ग्रंथालयाचा भाग खरंच सुंदर आहे, मागे मागे जात तो पान सापडण्याचा क्षण. माणूस म्हणून गंगाधरपंत मला अजूनही पुसटच वाटतात, पण त्यांची शोधण्याची पद्धत हेच त्यांचं व्यक्तिमत्त्व आहे असं म्हणायचं असेल तर मी ते मान्य करायला तयार आहे. 'उजव्या सोंडेचा गणपती'ही वाचली त्याच झपाट्यात. आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा झालेला गोलंदाज, मोबियस पट्टीची कल्पना. क्रिकेट आणि भूमिती इतकी बेमालूम एकत्र केलीये की शाळेत असताना मी पट्टी कापून पीळ देऊन चिकटवून बसलो होतो ते आठवलं.

गोदाकाठ:
'वामन परत न आला'बद्दल कोणीच बोललं नाही अजून. आता सगळीकडे यंत्रांच्या बुद्धीची चर्चा चालूये म्हणून मी ती मुद्दाम काढली. उत्खननात जुन्या संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या माहितीवरून यंत्रमानव वामन बनवतात, आणि हळूहळू कळतं की ती संस्कृती बुडाली ती याच यंत्रांमुळे, ती स्वतःच्या प्रती स्वतः काढू लागली तेव्हा. लोक म्हणतात नारळीकर विज्ञानाचे भक्त, विज्ञान सगळं सोडवेल म्हणणारे. मला उलट वाटतं. ज्याने आयुष्यभर प्रत्येक दाव्यावर शंका घेतली त्याने यंत्रावरही घेतली. भीती दाखवून नाही तर एक अट नीट पुढे ठेवून, की यंत्राला यंत्र बनवता आलं तर थांबवायचा अधिकार कोणाकडे राहतो.

अनाहूत_पाहुणा:
बलूनचा उल्लेख वर आलाय पण तपशील नाही म्हणून. २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले, जीवसृष्टीचं बीज अवकाशातून येतं का या हॉईल आणि विक्रमसिंघे यांच्या कल्पनेची तपासणी म्हणून. २००५ ला परत. त्या दुसऱ्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, एकीला हॉईल यांचं नाव दिलं, जॅनीबॅक्टर हॉयली. ते बाहेरूनच आले असं मात्र कोणी जाहीर केलं नाही, कारण खालून वर गेले नसतील याची खात्री देता येत नव्हती. आपल्या गुरूची कल्पना, आपला प्रयोग, नवे जिवाणू हातात, आणि तरी 'सिद्ध झालं' म्हणायचं नाही! इतकी सबुरी माझ्यात नसती.

मास्तरीण:
धाग्यावर एवढं चांगलं जमलंय म्हणून एक सांगते. मुलं सही मागायला आली की नारळीकर सही देत नसत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल असं सांगायचे. आयुकात दुसऱ्या शनिवारी शाळांसाठी व्याख्यानं व्हायची. सही हवी तर प्रश्न विचारावा लागेल ही अट मला शिक्षिका म्हणून फार मोठी वाटते, कारण प्रश्न सुचायला मुलाला चार दिवस त्या विषयात राहावं लागतं.

तर मी ठरवलंय की पुढच्या महिन्यात आमच्या नववीच्या वर्गात पानिपतची गोष्ट मराठीतून वाचायची, मूळ, अख्खी. पान खिशातून निघतं तिथे थांबणार आणि मुलांना विचारणार की हे पान खरं आहे का बनावट हे तुम्ही कसं ठरवाल. कागद, शाई, छपाई, कोणाला दाखवायचं, काय विचारायचं, सगळं त्यांनीच सांगायचं. इंद्राणीबाईंचा वाद अनाहूत पाहुणा यांच्याशी मी अजून सोडलेला नाही, 'धूमकेतू' त्यानंतर घेणार आहे आणि त्यात मुलींना काय वाटतं ते इथे येऊन लिहीन.

मृगशीर्ष:
मास्तरीण ताई, नक्की लिहा. आणि बनावट पान ओळखण्याबद्दल मुलं जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, तुम्ही सुधारू नका.